विंगेतून दिसणारा माणूस : आत्मप्रीतीची रूपं ओळखायला शिकताना

गोव्यातल्या आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी नाटक असतं. वडील तीसेक वर्षं प्रॉम्प्टर होते. त्यांचे गुडघे गेले तशी वही माझ्याकडे आली. दिवसा मी एका उच्च माध्यमिक विद्यालयात समुपदेशक, आणि जत्रेच्या रात्री विंगेतल्या स्टुलावर, एका हातात वही, दुसऱ्या हातात बॅटरी.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या अंकात आमचा नायक वाक्य विसरला. मी पहिले दोन शब्द पुरवले, त्याला ऐकू गेले नाहीत. परत दिले, जरा मोठ्याने. तेवढ्यात पहिल्या रांगेतली पोरं हसली. अंक पडल्यावर तो आत आला. घामाने कपाळावरचा रंग भुवईत उतरलेला. "बाय, झोपली होतीस काय तू? माझा सीन घालवलास." हे तिथेच संपलं असतं तर मीही विसरले असते. पण पुढचे पंधरा दिवस तो भेटेल त्याला सांगत होता, की मी मुद्दाम उशीर केला, कारण माझ्या चुलतभावाला ती भूमिका हवी होती. त्याच रात्री प्रधानाचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या नटाने अख्खं अर्धं पान गाळलं. आत येऊन त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "अगो, पान गिळलं मी. बरं सावरलंस." आणि चहा मागितला.

मांडवात बसलेल्यांनी दोघांनाही सारख्याच टाळ्या दिल्या होत्या. हा लेख टाळ्यांनंतरच्या त्या अर्ध्या तासाबद्दल आहे. ज्यांनी 'नार्सिसिस्ट' हा शब्द नुकताच ऐकलाय आणि ऐकल्याबरोबर ज्यांच्या डोळ्यांपुढे एक चेहरा आला, त्यांच्यासाठी.

आधी शब्दाचा घोळ

हा शब्द आता अकरावीतल्या मुलांच्याही तोंडी आहे. सोमवारी एक मुलगी सांगते, "टीचर, तो नार्सिसिस्ट आहे." बुधवारी तोच मुलगा येऊन तिच्याबद्दल तेच सांगतो. दोघांनी पाहिलेलं रील बहुधा एकच.

नार्सिसिझमला, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात असण्याला, मराठीत आत्मप्रीती म्हणावं. 'आत्ममग्नता' असंही छापलेलं दिसतं, पण मी तो शब्द टाळते, कारण तो 'स्वमग्नता'च्या फार जवळचा वाटतो, आणि स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. एक आई माझ्यासमोर कागद घेऊन रडत बसली होती. मुलाच्या अहवालात 'स्वमग्न' लिहिलेलं, आणि तिला वाटलेलं की पोरगा मोठेपणी स्वार्थी निघणार. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

आत्मप्रीती थोडीफार सगळ्यांत असते. ती अजिबातच नसेल तर माणूस रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही, की मुलाखतीला जाणार नाही. विकार म्हणून तिची नोंद अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत पहिल्यांदा १९८० साली झाली. तिथे आज नऊ लक्षणं दिली आहेत : स्वतःच्या मोठेपणाचा फुगा, अमर्याद यशाची किंवा सौंदर्याची दिवास्वप्नं, आपण खास आणि आपल्याला खास लोकच समजू शकतात ही धारणा, कौतुकाची सततची भूक, आपला हक्कच आहे असं धरून चालणं, दुसऱ्याला वापरून घेणं, दुसऱ्याच्या भावनांशी देणंघेणं नसणं, असूया, आणि उर्मट वागणं. यातली किमान पाच हवीत, तीही तरुण वयापासून, वेगवेगळ्या ठिकाणी, आयुष्य बिघडवण्याइतकी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या नव्या वर्गीकरणात तर या विकाराला वेगळं खणच ठेवलेलं नाही. तिथे व्यक्तिमत्त्वविकार सौम्य, मध्यम की तीव्र हे आधी पाहतात आणि मग स्वभावाचे पैलू नोंदवतात.

किती जणांत हा विकार सापडतो? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात आकडा ६.२ टक्के आला, पुरुषांत ७.७ आणि बायकांत ४.८. इतर सर्वेक्षणांत तो याहून बराच कमी आहे. म्हणजे तुमच्या ओळखीतला दर तिसरा माणूस नार्सिसिस्ट निघत असेल तर पुन्हा मोजा.

निदान करणं डॉक्टरांचं काम. आपण फक्त बघायला शिकायचं.

पहिली पायरी : नाव देण्याआधी वही

दोनशे पानी साधी वही घ्या. प्रत्येक पानावर तारीख, काय घडलं, कोण काय बोललं, शक्य तितकं जसंच्या तसं. 'तो नेहमीसारखा वागला' असं लिहू नका. 'नेहमीसारखा' हा तुमचा निष्कर्ष झाला. 'भाजीत मीठ कमी होतं, ताट सरकवलं, तीन दिवस बोलला नाही' ही नोंद. चांगलं वागलेले दिवसही लिहा. नाहीतर ती तक्रारवही होते, आणि तक्रारवहीत कुणीही खलनायक दिसतो.

तीन ते सहा महिने लिहा. एका पानावरून काही ठरवायचं नाही. आमच्या नायकाचा त्या रात्रीचा राग हे एक पान; पंधरा दिवस गावभर फिरलेली ती कहाणी, हे दुसरं. पुढच्या तीन जत्रांत तेच, प्रत्येक वेळी दोषी वेगळा (एकदा लाइटवाला, एकदा पेटीवाला, एकदा सहनायिका), तेव्हा कुठे काहीतरी आकार दिसायला लागतो. नाचता येईना अंगण वाकडं हे आपण सगळेच कधी ना कधी म्हणतो. ज्याला आयुष्यात एकही अंगण सरळ भेटलेलं नाही, त्याच्याबद्दल आपण बोलतोय.

वहीचा आणखी एक उपयोग. बदल अचानक आलाय का, हे तिच्यात कळतं. साठीपर्यंत साधा, भिडस्त असलेला माणूस वर्षभरात उद्धट, बेफिकीर झाला, लाज सोडून वागू लागला, तर ती आत्मप्रीती नव्हे. मेंदूच्या आजाराची, एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची ती सुरुवात असू शकते. पंधरा दिवस झोप नाही, अखंड बडबड, 'मी पणजीत दहा हॉटेलं काढणार' म्हणत पैसे उधळणं, हे बायपोलर आजारातलं उन्मादाचं टोक असू शकतं. दारू आत गेल्यावरच जो राजा होतो, त्याची गोष्ट वेगळी. या तिन्ही ठिकाणी सहा महिने वही लिहीत बसू नका, डॉक्टर गाठा. व्यक्तिमत्त्व म्हणजे वर्षानुवर्षं तसंच असलेलं. अचानक उगवलं तर दुसरं कारण शोधायचं.

दुसरी पायरी : चार प्रसंग

माणूस खुशीत असताना काही कळत नाही. मी चार वेळा पाहते : त्याच्यासमोर दुसऱ्याचं कौतुक होतं तेव्हा, त्याला 'नाही' ऐकावं लागतं तेव्हा, त्याची चूक उघडी पडते तेव्हा, आणि ज्याच्याकडून काहीच मिळण्यासारखं नाही अशा माणसाशी तो बोलतो तेव्हा. चौथा प्रसंग सगळ्यांत सोपा. कदंबा बसच्या कंडक्टरशी, पाव विकणाऱ्या पोदेराशी, सुट्टे पैसे नसलेल्या भाजीवालीशी. समोर आमदार असताना माणूस कसा बोलतो याला काही किंमत नाही.

पण हे चारही प्रसंग पहिल्या भेटीत दिसत नाहीत, आणि इथेच नवख्यांची फसगत होते. १९९८ साली पॉलस नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी विद्यार्थ्यांचे छोटे गट आठवड्यातून एकदा, असे सात वेळा एकत्र बसले. आत्मप्रीती जास्त असलेली मुलं पहिल्या भेटीत बाकीच्यांना हुशार, मोकळी, आवडण्याजोगी वाटली. सातव्या भेटीपर्यंत तीच नकोशी झाली होती. आमच्या तालमी साधारण तेवढेच आठवडे चालतात. पहिल्या वाचनाला ज्याच्याभोवती सगळे खुर्च्या ओढून बसतात, त्याच्या शेजारची खुर्ची रंगीत तालमीला रिकामी. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या वाचनाला मी मत बनवतच नाही.

तिसरी पायरी : रूपं

*उघड, ऐटबाज रूप.* हे ओळखायला मार्गदर्शक लागत नाही. मोठा आवाज, मोठ्या ओळखी, दर तिसऱ्या वाक्यात 'मी'. उद्‌घाटनाला बोलावलं नाही तर अपमान, आणि बोलावलं तर खुर्ची दुसऱ्या रांगेत का म्हणून अपमान. १९९१ साली पॉल विंक यांनी आत्मप्रीतीचे दोन चेहरे मांडले, त्यातला हा पहिला. या लोकांना स्वतःबद्दल छानच वाटत असतं. त्रास असतो तो आजूबाजूच्यांना.

अवघड असतं ते त्याच्या मोहिनीतून बाहेर पडणं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, १९४५ साली उभारलेला : पसरलेले हात, पुढे झुकलेला पाद्री आणि त्याच्यासमोर कोसळणारी बाई. पर्यटक फोटो काढतात आणि बहुतेकांना वाटतं की पाद्री बाईवर जादू करतोय. हा कांदोळीत १७५६ साली जन्मलेला माणूस पॅरिसमध्ये नेमकं उलट सांगत होता. संमोहन करणाऱ्याच्या हातातून कसलीही शक्ती वाहत नाही, जे काही घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं, हे त्याचं म्हणणं. मला तो पुतळा ऐटबाज माणसांच्या संदर्भात नेहमी आठवतो. त्यांच्या तेजातला अर्धा उजेड आपण पुरवलेला असतो. आपल्याला कुणीतरी मोठं हवं असतं म्हणून. यात फसलेल्याला दोष नाही. पण आपल्याला काय हवं होतं, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.

*हळवं, झाकलेलं रूप.* इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या घरांत हेच जास्त असतं आणि हेच ओळखू येत नाही. हा माणूस मोठ्याने बोलत नाही. लाजरा असतो, दुखावलेला असतो, कधी आजारी असतो. आपण इतरांपेक्षा वरचे आहोत ही खात्री आत पक्की. फक्त जगाने ती मान्य केली नाही याचं दुःख वर.

दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र करून एक प्रसंग सांगते. फोंडा तालुक्यातलं मोठं घर, गणेश चवथीचा आदला दिवस. गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायचं काम दरवर्षी थोरल्या काकांचं. नारळ, सुपारीची शिपटी, आंबाडे, चिबूड, सगळं त्यांच्या हाताने लागतं आणि लागतंही सुरेख. त्या वर्षी पुतण्या सत्तरी तालुक्यातल्या रानातून कांगलां आणि आणखी दोन-चार रानफळं घेऊन आला. शेजारचे बघायला आले, वाहवा झाली. काका हसले. "छान आहे. आता पोरं करतात म्हटल्यावर आमची गरज काय." आणि सुतळीचा गुंडा खाली ठेवून माडीवर गेले.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला, आरतीत वाजवायची घुमटं काढली, आरतीची वेळ झाली. काका खाली येईनात. डोकं दुखतंय. वहिनी वर जाऊन आली, मग धाकटा भाऊ, मग आत्या. "तुम्ही करा रे, माझ्यासाठी थांबू नका." हे वाक्य अशा आवाजात, की कुणालाही आरती सुरू करता येऊ नये. सव्वा तास गेला. नैवेद्याच्या पातोळ्या गार झाल्या. शेवटी पुतण्याने वर जाऊन माफी मागितली. कसली, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. काका खाली आले, डोकेदुखी उतरली होती.

कुणी ओरडलं नाही, कुणी काही फोडलं नाही. पण अख्खं घर सव्वा तास एका माणसाभोवती फिरलं आणि ज्याचं कौतुक झालं होतं त्यालाच अपराधी वाटलं. पुढच्या वर्षी तो रानात गेला नाही. घरातले म्हणतात, "काका हळवे आहेत." हळवे आहेतच. प्रश्न हा, की ते दुसऱ्यांसाठी कधी हळवे झालेत का? खरा हळवा माणूस दुसऱ्याला लागलेलंही ओळखतो. इथे हळवेपणा एकाच दिशेने वाहतो.

या रूपाच्या खुणा म्हणजे टीका सोडाच, साधी सूचनाही वार वाटणं. गप्प बसून शिक्षा करणं. जुने अपमान तारखेसकट लक्षात असणं. 'मी सगळ्यांसाठी केलं, माझ्यासाठी कुणी नाही' हे पालुपद. आणि दुसऱ्याच्या आनंदाच्या दिवशी हमखास येणारं दुखणं. अशी माणसं खरोखर दुःखी असतात, नैराश्य आणि चिंता त्यांच्यात बऱ्याचदा सापडते, हेही विसरू नका. ते नाटक करत नसतात. वेदना खरी असते. तिची किंमत मात्र दुसऱ्यांना मोजावी लागते.

*सेवाभावी रूप.* २०१२ साली गेबाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वेगळं काढून दाखवलं. 'मी सगळ्यांत हुशार' याऐवजी 'माझ्याइतकं दुसऱ्यासाठी झटणारं कुणी नाही' ही इथली बढाई. गोव्यात याला जागा भरपूर : भजनी मंडळ, रक्तदान शिबिर, शिमग्याची समिती, पुराच्या वेळी वाटलेल्या तांदळाच्या पिशव्या. खरा कार्यकर्ता कोण आणि हा कोण? दोघेही राबतात, दोघांचाही फलकावर फोटो असतो, फोटोवरून काही सिद्ध होत नाही. एक साधी चाचणी : नाव येणार नाही असं काम द्या. सतरंज्या गोळा करणं, हिशेबाच्या पावत्या लावणं. खरा कार्यकर्ता कुरकुरत का होईना करतो. दुसऱ्याला त्या दिवशी नेमकं म्हापशाला जायचं असतं. आणि त्याच्या घरच्यांना एकदा सहज विचारा. गावभर धावणाऱ्या माणसाच्या घरात आईचं औषध आठवडाभर संपलेलं असतं, हे मी पाहिलंय.

*घातक रूप.* एरिक फ्रॉम यांनी १९६४मध्ये हा शब्द वापरला, पुढे ऑटो कर्नबर्ग यांनी तो बांधून काढला. आत्मप्रीतीला इथे क्रौर्य, संशय आणि नियम न जुमानण्याची वृत्ती जोडलेली असते. दुसऱ्याला दुखावल्याचं त्याला काही वाटत नाही, उलट त्यातून समाधान मिळतं. धमक्या, पाठलाग, पैशांची कोंडी, प्राण्यांना किंवा मुलांना इजा. हे दिसलं तर कोणतं रूप याचा विचार सोडा आणि थेट लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा.

ही चार रूपं म्हणजे चार बंद डबे नव्हेत. ऐटबाज माणूस निवृत्त झाला, निवडणूक हरला, की काही महिन्यांत हळवा होतो. हळव्याला पद मिळालं की ऐट येते. आमच्या नायकाला दोन वर्षं भूमिका मिळाली नाही तेव्हा तो बरोब्बर माडीवरचा काका झाला होता. सगळ्यांत समान धागा एकच : समोरच्याला काय वाटतंय हे त्यांना बऱ्याचदा नीट कळतं, पण ते आत पोचत नाही. म्हणून 'त्याला समजावून सांगितलं की पटेल' या आशेवर वर्षं जातात.

चौथी पायरी : कोण नाही, हे ठरवा

ही पायरी लोक गाळतात. सतरा वर्षांची मुलगी दिवसाला चाळीस सेल्फी काढते, ती सतरा वर्षांची आहे, एवढंच. अठराच्या आधी हे निदान सहसा करत नाहीत. स्वतःच्या गाण्याबद्दल ठाम असलेली गायिका, पगार वाढवून मागणारा कारकून, बाळंतपणानंतर घरात कुणाचंच न ऐकणारी बाई, दुःखात असल्याने सहा महिने स्वतःपुरता झालेला माणूस, यातलं कुणीही नार्सिसिस्ट नाही.

आणि आपल्या घरांतलं एक झुकतं माप. पुरुषाने ताट भिरकावलं तर 'स्वभाव तापट', सुनेने 'मला हे पटत नाही' म्हटलं तर 'अहंकार'. लेबल लावण्याआधी मी मनातल्या मनात माणसांची अदलाबदल करते : हेच वाक्य दिराने म्हटलं असतं तर मला खटकलं असतं का? निम्म्या वेळा उत्तर 'नाही' येतं, आणि मी पेन खाली ठेवते.

मुलांच्या बाबतीत पालक विचारतात, कौतुक केलं तर पोरगं असं होईल का? नेदरलँड्समध्ये ५६५ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. 'आमचं मूल इतरांपेक्षा वरचढ' असं मानणाऱ्या पालकांच्या मुलांत पुढे आत्मप्रीती वाढलेली दिसली. जिथे नुसती माया होती, तिथे मुलांचा आत्मसन्मान वाढला. जवळ घ्यायला घाबरू नका. शेजारच्या पोराशी तुलना करून जिंकवू नका.

पाचवी पायरी : वहीचं उलटं पान

उजव्या पानावर त्याचं वागणं लिहिता, तर डाव्या पानावर स्वतःचं लिहा. गाडीचा हॉर्न वाजला की पोटात गोळा येतो का? साधी गोष्ट सांगण्याआधी वाक्य मनात चार वेळा घोळवता का? मैत्रिणींना फोन करणं बंद झालंय का? 'मी असं म्हटलंच नव्हतं, तुझ्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे' हे इतक्यांदा ऐकलंय का, की आता स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासच उडालाय? याला गॅसलायटिंग म्हणतात. १९३८ सालच्या एका इंग्रजी नाटकावरून हा शब्द आला. त्यात नवरा घरातले गॅसचे दिवे मंद होण्याला कारण असतो आणि बायकोला सांगतो, तुला भास होतोय. आपल्याकडे चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण यात चोर इतक्या शांतपणे बोंबलतो की घरधन्यालाच वाटतं, चोरी आपणच केली.

डावी पानं भरत चालली असतील, तर उजवीकडच्या माणसाला कुठलं नाव द्यायचं हा प्रश्न दुय्यम आहे. मदत तुम्हाला हवी आहे, आणि त्यासाठी त्याचं निदान लागत नाही.

मग करायचं काय

'तू नार्सिसिस्ट आहेस' हे त्याच्या तोंडावर बोलू नका. आजवर एकाही घरात याचा उपयोग झालेला मी पाहिला नाही; एका घरात तर त्याने रात्रीत चार व्हिडिओ पाहिले आणि सकाळी बायकोलाच नार्सिसिस्ट ठरवलं.

वाक्यं लहान ठेवा, बाजू मांडत बसू नका. आमच्या नायकाशी मी असं बोलते : "तालीम सातला. साडेसातला आलात तर तुमचा प्रवेश शेवटी घेऊ." कारण नाही, उपदेश नाही, जुने हिशेब नाहीत. आणि साडेसातला आला तर प्रवेश खरंच शेवटी घ्यायचा. एकदा जरी सोडलं, तरी वर्षाची मेहनत गेली. कामाच्या ठिकाणी ठरलेलं सगळं लेखी ठेवा. घरात पैशांची कागदपत्रं, मुलांचे दाखले, स्वतःचं आधार कार्ड कुठे आहे ते माहीत असू द्या. चवथीसारख्या दिवशी, कुणी माडीवर गेलं तर आरती वेळेवर सुरू करा. एकदा निरोप द्या, प्रेमाने द्या, आणि घुमट वाजवायला घ्या. पहिल्या वर्षी फार जड जातं.

बदल होतो का? सावकाश होतो. या विकारावर म्हणून खास औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यावर औषधं असतात. मुख्य उपचार बोलण्याचा, वर्ष-दोन वर्षं किंवा जास्त चालणारा. माणूस 'माझ्यात आत्मप्रीती आहे' म्हणून क्वचितच येतो. नोकरी गेली, बायको माहेरी गेली, झोप लागत नाही, म्हणून येतो. तेवढं दार उघडलं तरी पुरे. 'तुला झोप लागत नाही, डॉक्टरांना दाखवूया' हे ऐकलं जातं. 'तुझा स्वभाव दाखवूया' हे नाही.

गोव्यात बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयाजवळ मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात कुणालाही जाता येतं, आणि तिथे गेलेला माणूस 'वेडा' ही समजूत आता तरी गाडून टाकावी. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत. मारहाण, कोंडून ठेवणं, धमकी असेल तर ११२, बायकांसाठी १८१. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो, अंगावर वळ असावेच लागतात असं नाही. घरात हिंसा असताना नवरा-बायकोने एकत्र समुपदेशनाला बसू नये. तिथे बोललेल्या वाक्याचा हिशेब घरी जाऊन चुकता होतो. आधी एकट्याने जा.

पहिल्या भेटीला वही बरोबर न्या. सगळं तोंडी सांगायला गेलात तर मध्येच रडू येईल किंवा तुम्ही त्याची बाजू मांडायला लागाल. दोन्ही मी रोज पाहते. पाच पानं निवडून ठेवा, तारखा वाचा, कोण काय बोललं ते वाचा. शब्द अडकला तर समोरचा माणूस पुरवेल.